मागच्या पायरीचा सुरण

मकर १८, ११६३

चि. विलासिनीस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. त्यात जास्त काही शोधू नकोस.

आठ वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. कुणी गेलेलं नाही. या घरात जायला आता मी एकटीच उरले आहे, आणि मी गेले तर ते कळवायचं काम माझ्याकडे नसेल.

सरळ कामाचं लिहिते. अच्छन गेले त्या सकाळी त्यांनी मला कोमट पाणी आणायला स्वयंपाकघरात धाडलं आणि तुला जवळ बोलावलं. मी पातेलं घेऊन दारात आले तेव्हा त्यांचं तोंड तुझ्या कानाशी होतं आणि तू मान हलवत होतीस. मला बघून दोघंही गप्प झालात. दुपारी ते गेले. मला जाताना काही म्हणाले का? म्हणाले ना. माझ्या हातची पेज दोन घोट प्याले आणि म्हणाले, "विलासिनी जेवली का?" तीस वर्षं त्यांच्या हाताखाली माती मळली, त्याचं हे बक्षीस.

त्यांनी तुझ्या कानात काय सांगितलं, ते मला लिहून कळव. घरचं औषध आहे. बाप जाताना शेवटचा शब्द एकालाच देऊन जातो, हे मला ठाऊक आहे. आजोबांनी अच्छनना असाच दिला होता. पण जो वैद्यकी करतो त्याला देतात, भिलईला पोलादाच्या कारखान्याशेजारी चपात्या लाटणाऱ्या मुलीला देत नाहीत. तुला तो शब्द काय कामाचा? तुझ्या सुकुमारनला मूळव्याध झाली तर तो कारखान्याच्या दवाखान्यात जाईल.

आता का विचारते, ते ऐक. यंदा आपल्या सुरणानं दोघांना गुण आला नाही. एक शाळेतल्या ड्रिलमास्तरची सासू. दुसऱ्याचं नाव सांगायची आपल्याकडे रीत नाही. मी काही कमी केलेलं नाही. रानातलं बेणं आणून लावलेलाच सुरण, तोही खाजरा, गावठी नव्हे. तळ्याकाठची तांबडी माती दोन बोटं जाड लिंपली. करवंट्यांच्या आरात माती विटेसारखी लाल होईपर्यंत भाजला. फोडून, सोलून, तिळाचं तेल आणि सैंधव लावून केळीच्या पानात बांधून दिला. वर नुसतं ताक आणि भात. तू विसरली असशील म्हणून सगळं लिहिलं. आणि तरी परवा ड्रिलमास्तर मागच्या पायरीशी येऊन काय म्हणतो? "रागावू नका चेच्ची, पण वैद्यर होते तेव्हाचा सुरण वेगळा होता."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तेव्हा तुमची सासूही वेगळी होती," म्हटलं मी. पण त्याचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

काहीतरी राहतंय, विलासिनी. मला वाटतं, ते लावणीतलं आहे. कुंभ महिन्यात लावला तर कुंभाएवढा, मीन महिन्यात लावला तर मीनाच्या डोळ्याएवढा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. त्याच्या पलीकडचं काहीतरी असणार. यंदा कुंभातली पौर्णिमा वीस तारखेला आहे. त्याच्या आत कळव.

अक्षर वाकडं आलंय, कारण ओसरीच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहिते आहे. खुर्ची मोडली आहे.

कार्त्यायनी


कुंभ १

विलासिनीस,

तेरा दिवस झाले. भिलईचं पत्र सहा दिवसांत येतं. अच्छन होते तेव्हा तुझं यायचं, मी दिवस मोजलेले आहेत. ते तुझं पत्र सुरण मागायला आलेल्यांना वाचून दाखवायचे. बिचारे अवघडून उभे, घरी दुखणाईत माणूस खोळंबलेलं, आणि अच्छन त्यांना ऐकवताहेत की विलासिनीनं भिलईला फणस मिळत नाही म्हणून भोपळ्याची भाजी केली. पत्र मग औषधाच्या पेटीत, चंदनाच्या खोडाखाली. मी या घरात राहून रोज स्वयंपाक केला. तो कुणी पेटीत ठेवला नाही.

गप्प राहायचं तुझं जुनंच आहे. लहानपणी आंब्याचं लोणचं तू खायचीस आणि बरणी माझ्या हातात सापडायची. तू इरिंजालक्कुडाला दहावीपर्यंत शिकलीस. मी चौथीत घरी बसले, कारण माती मळायला कुणीतरी हवं होतं. तुझ्या केसांना अच्छन स्वतः तेल लावायचे. माझ्या हातांना रानसुरणाची खाज सुटायची तेव्हा म्हणायचे, "चिंच चोळ." तीन स्थळं आली मला. तिघांच्याही आयांनी माझे तळवे बघितले. बास, यापुढे लिहीत नाही.

तू मनात म्हणशील, ही थोरली चेच्ची अच्छनच्या सोळाव्या दिवशी एवढं बोलून आता कुठल्या तोंडानं मागते. त्याच तोंडानं मागते. सोळाव्याला मी जे बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं, आणि त्यातला एकही परत घेत नाही. कारण तू त्या दिवशी काय केलंस, हेही मला आठवतं.

चौदाव्याला सुकुमारन मुलांना घेऊन भिलईला परत गेला, आणि तू राहिलीस. नवऱ्याकडून रजा वाढवून घेतलीस म्हणे. तेव्हाच मी चिरुताला म्हटलं, "बघ, आता हिला परसातला वाटा हवा असणार." चिरुता म्हणाली, "वाटा हवा असता तर नवऱ्याला ठेवलं असतं, मोजायला." ती तुझीच बाजू घेते. चाळीस वर्षं पगार आमच्या घरचा आणि बाजू तुझी.

मग सोळाव्याला, सगळे जेवून पानं उचलताहेत, आणि बाईसाहेब पुढचं दार सोडून गोठ्याला वळसा घालून मागच्या पायरीशी उभ्या. परक्या बाईसारख्या, पदर खांद्यावर घेऊन, डोळे जमिनीकडे लावून. आणि म्हणतेस काय?

"घरी सुरण हवा होता."

तेव्हा तीस वर्षं मी त्या पायरीवर हे वाक्य ऐकत आले होते. मूळव्याध झालेला माणूस स्वतः कधी येत नाही, घरचं कुणीतरी येतं, आणि आजाराचं नाव न घेता एवढंच म्हणतं. म्हणून सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "किती दिवस?"

तू म्हणालीस, "तीन वर्षं."

तीन वर्षांनी तू माहेरी आली होतीस. म्हणजे तीन वर्षं मला माहेरचा सुरण मिळाला नाही, असं चारचौघांत ऐकवतेस? अम्माच्या बहिणी ऐकत होत्या. आधी बापाचा शेवटचा शब्द कानात घालून घ्यायचा, वर बापाच्या सोळाव्याला मागणाऱ्यांची नक्कल करून औषधाची थट्टा करायची. माझं डोकं फिरलं. टोपलीत मीनातला एक उरला होता, सुपारीएवढा. तो तुझ्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "हा घे तुझा वाटा. चोराला एवढा पुष्कळ झाला."

तू तो पदराच्या टोकाला बांधलास. दुपारच्या बसनं गेलीस.

चोर म्हटलं, ते तुला लागलं असेल. पण मग साव असशील तर सांगून टाक ना, त्यांनी काय सांगितलं.

चिरुता आज मला म्हणते, "कार्त्तू, तीन दिवस बघतेय, तू उभ्यानंच जेवतेस. घोडी झालीस की काय?"

"खुर्ची मोडलीय."

"आणि जमीनही मोडली का?"

तिला हाकलून दिलं. तिच्या कानात पडलेलं संध्याकाळच्या आत देवळाच्या तळ्यावर पोचतं.

कार्त्यायनी


कुंभ ८

विलासिनीस,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी! आठ वर्षांच्या चार. वर्षाला अर्धी ओळ पडली.

"अच्छननी औषधाचं काहीच सांगितलं नाही. तुला सगळंच येतं, असं ते म्हणायचे. तुझी तब्येत कशी आहे? खरं लिही."

खोटारडी. औषधाचं नाही तर कशाचं सांगितलं? तुझ्या सासरच्या गाईचं? मरणाऱ्या माणसाला बोलायला श्वास पुरत नव्हता, हुंकारांनी चालला होता. तो काय उगाच मला पाण्याला धाडून तुझ्या कानात हवा फुंकेल? आणि "तुला सगळंच येतं असं म्हणायचे" हे मला गोड वाटावं म्हणून लिहिलंस ना? मला ते कधी म्हणाले नाहीत. म्हणायचं होतं तर मी होते ना समोर, बारा महिने.

मी किती जळते ते तुला कळावं म्हणून एक लिहिते. तू गेल्यावर मी औषधाची पेटी उघडली आणि चंदनाखालची तुझी पत्रं काढली. एकूण एकेचाळीस होती. वाचली. जाळायला म्हणून चुलीपाशी नेली आणि परत आणून ठेवली, कारण त्या कागदांना त्यांच्या हाताचा वास होता. तुझ्या कागदांना. माझ्या घरात त्यांच्या हाताचा वास राहिला तोसुद्धा तुझ्याच कागदांना.

तब्येत कशी आहे म्हणे. माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? सकाळी दोन घागरी पाणी आणते, रानात जाऊन खणते, ताक-भात खाते. ताक-भातच खाते, कारण मला आवडतो. तू आपलं सांग, काय सांगितलं.

ड्रिलमास्तरच्या सासूचा उलगडा झाला. म्हातारी उशाखाली सुकी मासळी लपवून ठेवायची आणि लेक ओसरीवर गेली की हिरव्या मिरचीबरोबर खायची! मास्तर स्वतः येऊन सांगून गेला, मान खाली घालून. मी त्याला म्हटलं, "सुरण बदलला नाही मास्तर, सासू बदला." पोट धरून हसला. मला मात्र हसता आलं नाही, हसलं की कळ येते.

म्हणजे गुण न आलेला एकच रोगी राहिला, दुसरा. त्याच्या खाण्यात काही कुपथ्य नाही. त्याचं मी खात्रीनं सांगू शकते.

अच्छन म्हणायचे ते तुला आठवतं का? देणारा, मागणारा आणि खाणारा, ही तीन माणसं वेगळी हवीत. ज्याला दुखतं तो आपल्या दुखण्याचं खरं सांगत नाही, आणि सांगितलं तरी पथ्य पाळत नाही. म्हणून मागायला घरच्यानं यायचं, आणि सुरण घेऊन गेला की एकवीस दिवस खाणाऱ्याचं पाणी, जळण, झाडलोट सगळं त्या मागणाऱ्यानं करायचं. खाणाऱ्यानं नुसतं पडून राहायचं. "सुरण अर्धं काम करतो, कार्त्यायनी, उरलेलं मागणारा करतो." कुणी आपल्यासाठीच मागायला आला तर अच्छन त्याला परत पाठवायचे. "घरचं कुणी पाठव," म्हणायचे. "आणि घरी कुणी नसेल तर?" असं एकदा एका परगावच्या विणकरानं विचारलं, तेव्हा अच्छन स्वतः त्याच्या खोपटात जाऊन एकवीस दिवस पाणी भरून आले होते. तू तेव्हा शाळेत होतीस.

हे सगळं मी तुला का लिहिते आहे, मलाच कळत नाही. पौर्णिमेला बारा दिवस उरले.

का.


कुंभ १३

विलासिनी,

आज खरं लिहिते. तुला बरं वाटावं म्हणून नाही. चिरुता सांगेलच, आणि तिच्या तोंडून तुझ्यापर्यंत जाताना त्याचं रामायण होईल, त्यापेक्षा मी लिहिलेलं बरं.

काल सकाळी कुदळ मारताना डोळ्यांपुढे अंधारी आली. जागी झाले तेव्हा डोकं चिरुताच्या मांडीवर होतं आणि ती गावभर ऐकू जाईल असं ओरडत होती. माझ्या नेसलेल्या मुंडूला मागे रक्त होतं. ती ओरडायची थांबली, बघितलं, आणि मग जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली, "कधीपासून गं?"

मी सांगितलं नाही. तिनं आपली चादर मला गुंडाळली आणि टॅक्सी बोलावली. बसमध्ये मी बसू शकले नसते, हे तिला न सांगता कळलं. टॅक्सीत मी पालथी पडून चालक्कुडीला गेले. वैद्यरची मुलगी, मूळव्याधीचं औषध देणाऱ्या घराची, इस्पितळात पालथी! वाटेत मी चिरुताला म्हटलं, "कुणाला बोललीस तर बघ." ती म्हणाली, "बोलू तर काय बोलू? दुकानदाराच्या घरी मीठ नाही, असं?"

हो, मला आहे. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, असं म्हणतात. माझं त्याहून अवघड आहे, वैद्य मीच.

दुसरा रोगी मी होते. गेल्या तूळ महिन्यात मीच भाजला, मीच फोडला, मीच खाल्ला. मागायला कोण जाणार? चिरुता पगाराची आहे, घरची नाही. आणि घरची असती तरी तिच्या जिभेला हाड नाही. मग मीच पायरीच्या खाली उतरून उभी राहिले, वर बघून म्हटलं, "घरी सुरण हवा होता," आणि वर जाऊन मीच दिला. हसू नकोस. खरंच केलं मी असं. वेड लागल्यासारखं. आणि सुरण खाऊन त्याच सकाळी दोन घागरी पाणी आणलं, कारण माझं पाणी भरायला होतं कोण? गुण यायचा कसा?

म्हणून मला वाटलं, तो शब्द नाही म्हणून गुण नाही. तुझ्याकडे तो आहे आणि तू भिलईला त्यावर बसली आहेस, आरामात, खुर्चीत. माझा जळफळाट कशाकशाचा होता बघ. तुला बसता येतं, याचाही.

इस्पितळात एक पोरगी डॉक्टर होती, नाकात चमकी, आपल्या अम्मासारखी. तपासून झाल्यावर तिनं काय विचारावं?

"किती दिवस?"

मी चमकले. तेच शब्द, तोच सूर. मग म्हणाली, "अम्मा, अंगात रक्त फार कमी झालंय. औषध देते, पण दोन-तीन आठवडे उचलायचं नाही, वाकायचं नाही. नाहीतर कापावं लागेल. बरोबर घरचं कोण आहे?"

चिरुता म्हणाली, "मी कामाला आहे."

"घरचं कोण, म्हटलं मी."

पोरगी कागदावर लेखणी टेकवून थांबली होती. मग मी म्हटलं, "बहीण आहे. भिलईला असते."

आठ वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव तोंडातून काढलं, तेही मूळव्याधीच्या कागदावर लिहायला. त्या पोरीनं नीट लिहून घेतलं. विलासिनी, नातं बहीण.

तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. येऊ नकोस. मला तुझी दया नको. फक्त तो शब्द काय होता तेवढा सांग. नसेल औषधाचा, तर कशाचा होता तो सांग. मरणाच्या दारात माझ्या बापाला माझ्यासमोर बोलता येणार नाही असं काय होतं, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. आता दुसरं काही नको.

कार्त्यायनी


कुंभ २०, पौर्णिमा

विलासिनी,

कुट्टप्पन पोस्टमन सकाळी आला तो लांबूनच हसत आला. कार्ड होतं ना, वाचल्याशिवाय कशाला आणतोय! "चेच्ची, भिलईला सुरण मिळत नाही की काय? पोस्टानं मागवलाय."

मी कार्ड हातातून ओढून घेतलं.

"चेच्चीस नमस्कार. अच्छन काय म्हणाले ते तू पुन्हा पुन्हा विचारते आहेस. म्हणून लिहिते. घरी सुरण हवा होता. अकरा वर्षं झाली. विलासिनी."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा नेहमीसारखा संताप आला. परत तीच थट्टा, असं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना मी बोटांवर वर्षं मोजली. सोळाव्याला तू म्हणाली होतीस, तीन वर्षं. त्याला आठ झाली. तीन आणि आठ.

मला अकरा वर्षं झाली, विलासिनी. अच्छन जायच्या तीन वर्षं आधी, भातकापणीच्या दिवसांत सुरू झालं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी मुंडू मी वेगळी, पहाटे, तळ्याच्या पलीकडच्या काठाला जाऊन धुवायची. अच्छनना दिसत कमी होतं, ते पाय ओढत चालायचे, मला वाटायचं त्यांना कशाचा पत्ता नाही. आणि कुंभ तेराचं माझं पत्र तुला मिळायच्या आधी तू हे कार्ड टाकलंयस. शिक्का बघितला मी. म्हणजे तुला चिरुतानं सांगितलेलं नाही, मी सांगितलेलं नाही. तुला त्यांनीच सांगितलं होतं.

मी कार्ड घेऊन मागच्या पायरीशी गेले आणि तिथे उभी राहून मोठ्यानं रडले. चिरुता धावत आली. तिला वाटलं, तुझ्याकडचं कुणी गेलं. मी म्हटलं, "कुणी गेलं नाही. बापाला माहीत होतं."

तिनं कपाळाला हात लावला. "एवढंच ना? अगं, तो माणूस चालण्यावरून रोग ओळखायचा. तुझं चालणं बारा महिने बघत होता, त्याला दिसणार नाही?"

आणि मी तीस वर्षं म्हणत आले की त्यांना फक्त तू दिसतेस.

त्यांना स्वतःहून मला देता आलं नाही, कारण देणारा आणि मागणारा एक होऊन चालत नाही, आणि त्या विणकरासारखं माझं पाणी भरायला त्यांच्या अंगात बळ उरलं नव्हतं. आणि मी मागणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्यामागे देणारी मीच आणि खाणारीही मीच, निदान मागणारी तरी वेगळी हवी, आणि घरचं म्हणून तू एकटी. तुला सांगितलं, "तू माग." आणि तू मागितलंस गं. घरची असून परक्यासारखी गोठ्याला वळसा घालून आलीस, कारण तीच रीत. कुणासाठी ते बोलली नाहीस, कारण तेही बोलायचं नसतं. नवऱ्याला नि मुलांना पुढे धाडून रजा वाढवलीस, ती माझं एकवीस दिवस पाणी भरायला. आणि मी, जिनं ते वाक्य हजार वेळा ऐकलंय, जी झोपेतही ते ओळखेल, ती मी तुझ्या तोंडून आलेलं ओळखू शकले नाही. कारण मला तुझ्यात चोरच दिसायचा होता. चारचौघांसमोर तुझ्या हातावर मीनातला सुरण ठेवला. मला चोर म्हण, विलासिनी, माझेच शब्द मला परत दे, मी ऐकून घेईन.

अजून खरं सांगू? आताही पोटात दुखतंय. इतकं सगळं कळूनही. शेवटचा श्वास माझ्यासाठी खर्च केला तोही तुझ्या कानात. माझ्या कानात काही घातलं नाही. हे माझं जायचं नाही. डॉक्टर पोरीच्या औषधानं बाकीचं जाईल, हे जायचं नाही. पण आज पहिल्यांदा असं झालं की, तुझा हेवा करताना त्यात माझंही नाव होतं.

लावणी चिरुतानं केली. मी ओसरीवरून कुशीवर पडून ओरडत होते, ती ऐकत नव्हती. मोड वर की खाली यावरून आम्ही भांडलो. बारा खड्डे झाले, राख-शेण घातलं. एक खड्डा रिकामा ठेवला आहे. तो तू भरायचास.

आता तुझ्या मागणीचं. कार्डावर सुरण द्यायची या घराची रीत नाही. अच्छननी कुणाला पोस्टानं दिला नाही, मीही देणार नाही. मागणाऱ्यानं स्वतः यायचं, गोठ्याकडून, आणि मागच्या पायरीखाली उभं राहायचं. मी वर असेन. मी विचारीन, "किती दिवस?" तू खरं ते सांग. कुणासाठी, ते मी विचारणार नाही.

एकवीस दिवसांची रजा काढ. त्याहून कमी असेल तर येऊ नकोस. विहिरीचा दोर जड झाला आहे, नवा घ्यावा लागेल. सुकुमारनला सांग, तीन आठवडे स्वतः चपात्या लाट. आल्यावर आपण आधी चालक्कुडीला त्या चमकीवाल्या पोरीला दाखवून येऊ. तिला सांगायचं आहे की घरचं माणूस आलं.

आणि सोळाव्याला तुला दिला होता त्या मीनाच्या डोळ्याचं काय केलंस, तेही आल्यावर सांग.

तुझी,
चेच्ची

ता. क. खुर्ची मोडलेली नाही. कधीच मोडली नव्हती. ओसरीत अच्छनच्या जागी ठेवली आहे, तू आलीस की तीत बस.